बटर चालेल

गास गावच्या नरहरी राऊतांच्या उजव्या, एकुलत्या धड डोळ्यात मोतीबिंदू झालाय, हे सगळ्या आळीला माहीत होतं. फक्त नरहरींना ते मान्य नव्हतं. जग जरा धुरकट झालंय एवढंच ते कबूल करायचे, आणि त्याचाही दोष रस्त्यावरून जाणाऱ्या डंपरना द्यायचे. संध्याकाळी ओटीवर शेजारच्या गॉडफ्रे लोपीसांबरोबर पत्त्यांचा डाव पडायचा, तेव्हा नरहरी चौकटची राणी समजून बदामची टाकायचे. गॉडफ्रे पानं उचलून घेत म्हणायचे, "नरू, लेका, तुझी राणी बदलली."

"मुद्दाम टाकली. बघत होतो, तुझं लक्ष आहे का."

वाडीतली कामं त्यांच्या बोटांना पाठ होती. पानवेल बांधणं, केळीची जादा पिल्लं काढणं, चाफ्याच्या कळ्या खुडणं, हे सगळं ते चाचपून करायचे. डोळ्याशिवाय जमेना असं एकच काम होतं, आणि नेमकं त्याच कामावर त्यांचं नाव होतं. नरहरी कलमं बांधायचे. कुणाला आपल्या आजीचा आंबा नव्या घराच्या अंगणात हवा असला, की माणूस नरहरींकडे यायचा. "नरहरीने बांधलेलं कलम मरत नाही," असं लोक म्हणत. त्यांची बायको जयवंतीबाई हे ऐकून पदराआड हसायच्या. "मरतात की. मेलेली ते मोजत नाहीत, एवढंच."

गेल्या पावसाळ्यात त्यांनी विहिरीकाठच्या खोबऱ्याची कलमं बांधली. खोबऱ्या म्हणजे घरचा जुना रायवळ आंबा. कच्चा खाल्ला तर ओल्या खोबऱ्यासारखा लागतो, म्हणून हे नाव. नरहरींच्या आईने लग्न होऊन येताना कळंबहून, माहेरच्या परसातून, त्याचं रोप मडक्यात घालून आणलं होतं. आता खोड आतून पोकळ झालं होतं. मागच्या वादळात अर्धं झाड मोडून विहिरीत गेलं, आणि विहिरीवर वाकलेल्या एकाच फांदीला तेवढी पालवी फुटत होती. कळंबचं मूळ झाड तर केव्हाच गेलं; त्या जागी सुट्टीला येणाऱ्या लोकांसाठी कॉटेजेस उभी राहिली. म्हणजे खोबऱ्या उरला होता तो या एका फांदीपुरता.

कलमं सगळीच्या सगळी वाळली. नरहरींनी पावसाला दोष दिला, प्लास्टिकच्या पट्टीला दिला, अमावास्येलासुद्धा दिला. जयवंतीबाईंनी एक वाळकं कलम उचलून उजेडात धरलं. पट्टी छान घट्ट बांधलेली होती. फक्त ती सांध्यावर नव्हती, बोटभर वर, नुसत्या काडीवर होती.

"अहो, हे बघा," त्या म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन त्यांनी कलम खाली ठेवलं.

त्या दिवसापासून नरहरींनी डंपरचं नाव काढलं नाही. ही फांदी आणखी एक पावसाळा काढील, असा त्यांचा अंदाज होता. त्यानंतरची खात्री नव्हती. येत्या पावसात कोयी रुजतील, ज्यांवर कलम बांधायचं ती रोपं तांबूस पानं धरतील, त्याच्या आत डोळा नीट व्हायला हवा. म्हणून ज्या माणसाला ताप आला तरी डॉक्टरकडे ढकलत न्यावं लागायचं, तो माणूस चैत्रात आपण होऊन डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसला.

डॉक्टरीणबाईंनी डोळा पाहिला, रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि रिपोर्टच जास्त वेळ पाहिला.

"ऑपरेशन सोपं आहे, आजोबा. पण तुमची साखर एवढी चढलीय की डोळ्याला हात लावायची माझी हिंमत नाही. ती खाली आणा, मग या."

"आणि नाही आली तर?"

"तर माझ्याकडे दुसरे पेशंट आहेत."

नरहरींना बाई आवडल्या.

पुढचं सगळं अक्षदाने हातात घेतलं. अक्षदा त्यांची नात. मुलगा अनिश नोकरीसाठी बंगळूरला गेला तो तिथलाच झाला. अक्षदा तिथेच जन्मली, तिथेच इंजिनिअर झाली, आणि गोखिवऱ्याला बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आजी-आजोबांकडे राहायला आली. तिचं काम होतं एखादं झाकण वाकडं निघालं तर ते का निघालं, हे शोधून काढायचं. घरी आल्यावर तिला वाकडं काही सापडत नव्हतं. आजोबांच्या रिपोर्टने ती सोय केली. तिने नेहमीच्या डॉक्टरांना गाठून गोळ्यांचं आणि खाण्याचं नीट विचारून घेतलं, आणि संध्याकाळी दोघांना ओटीवर बसवलं.

"उद्यापासून लो-कार्ब."

"हे कुठे मिळतं?" नरहरींनी विचारलं.

"मिळत नाही, आजोबा. बंद करायचं असतं. साखर बंद. भात एक मूठ. बटाटा बंद, केळी बंद."

"केळी?" नरहरींनी मान वळवून वाडीकडे पाहिलं. तिकडे, धुरकट का होईना, केळीच केळी होत्या. "मग मी राहू कुठे?"

"तिथेच राहा. खाऊ नका."

नरहरींनी सुस्कारा सोडला. आता त्यांच्या डोळ्यांसमोर पाववाला आला. रोज सकाळी सायकलचा भोंगा वाजवत येणारा, मागे मोठी पेटी असलेला. त्या पेटीचे कप्पे त्यांना वरून खाली तोंडपाठ होते. त्याच क्रमाने त्यांनी विचारायला सुरुवात केली.

"पाव?"

"बंद."

"टोस?"

"बंद."

"खारी?"

"अजिबात नाही."

"बटर?"

"बटर चालेल," अक्षदा म्हणाली.

नरहरी ताठ बसले. "चालेल?"

"बिनधास्त. उलट जरा जास्त खा. पोट भरल्यासारखं राहतं, मग दुसरं खावंसं वाटत नाही."

जयवंतीबाईंनी गालाला हात लावला. "काय पण शास्त्र पुढे गेलंय बाई."

इथे एक सांगायला हवं. नरहरींच्या घरात दुधावरचं ते लोणी, आणि दुकानातून पिवळ्या वडीत येतो तो मस्का. बटर म्हणजे बटर: पाववाल्याच्या पेटीच्या तळच्या कप्प्यातला, मुठीएवढा, गोल, तपकिरी, कडक. निव्वळ मैद्याचा. चहात टाकला की आधी तरंगतो, मग एकदम फुगून अर्धा चहा पिऊन टाकतो. लहानपणी ताप आला की आई भात बंद करून चहा-बटर द्यायची. त्यामुळे आजाऱ्याला बटर चालतो, यात नरहरींना नवल काहीच वाटलं नाही. नवल एवढंच वाटलं की बंगळूरच्या पोरीला हे कसं ठाऊक. आणि बंगळूरच्या पोरीला तर बटर म्हणजे फ्रिजमधली पिवळी वडी, याखेरीज दुसरं काही असू शकतं याचा पत्ताच नव्हता.

नरहरींनी शेवटचा प्रश्न राखून ठेवला होता. तो त्यांनी आवाज हलका करून विचारला.

"चीज?"

"चालेल."

"मग चीज-टोस्ट?"

"चीज चालेल, टोस्ट नाही."

"म्हणजे गाडी ने, पण चाकं इथे ठेव."

चीज-टोस्ट हा साधा विषय नव्हता. गॉडफ्रे तरुणपणी बहारीनला क्रेन चालवायचे. पहिल्या सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी याच ओटीवर निळा गोल डबा उघडला होता. आतला पांढरा-पिवळा गोळा पाहून जयवंतीबाईंनी तो उचलून मोरीवर नेऊन ठेवला. त्यांना वाटलं, अंगाचा साबण. तिथून तो परत आणून, चुलीवर जाळी ठेवून, पावावर वितळवून दोन मित्रांनी खाल्ला. नरहरी म्हणाले होते, "गॉडफ्रे, हे नासलेलं दूध आहे, पण चांगलं नासलंय." पुढे गॉडफ्रे कायमचे परत आले, डब्याच्या जागी दुकानातल्या चकत्या आल्या, चुलीच्या जागी गॅस आला, पण संध्याकाळचा चहा, चीज-टोस्ट आणि पत्ते हे चुकलं नाही.

"मी करून देते," अक्षदा म्हणाली. "पावाशिवाय. आणि झटपट. चहाला उकळी येईपर्यंत तयार."

हे बोलणं सोपं होतं. पहिल्या दिवशी तिने दुधीच्या जाड चकत्या भाजून त्यावर चीज वितळवलं. नरहरींनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "ही भाजी आहे. भाजीने टोपी घातली म्हणून ती पाव होत नाही." दुसऱ्या प्रयोगात नुसतं अंड्याचं जाड पोळं होतं. ते उचललं की बोटांमधून खाली लोंबायचं, आणि चीज नरहरींच्या सदऱ्यावर उतरायचं. गॉडफ्रेंनी फक्त एवढंच विचारलं, "हे हातात धरायचं की गळ्यात घालायचं?"

अक्षदा खट्टू झाली नाही. कारखान्यात साचा एका दमात जुळत नाही, हे तिला माहीत होतं. रविवारी जयवंतीबाई माशाच्या कालवणासाठी नारळाचं दूध काढत होत्या. खवलेलं खोबरं पिळून झाल्यावर चोथा त्यांनी एका ताटलीत काढला आणि कोंबड्यांना हाक मारली.

"थांब, आजी!" अक्षदा धावली. "हे टाकू नकोस."

"अगं, चोथा आहे तो. रस निघालाय त्याचा."

"तोच तर पाहिजे. यात साखर जवळजवळ नाहीच. नुसता तंतू."

चोथा गच्चीवर फडक्यात वाळला, मिक्सरमधून निघाला आणि पांढऱ्या पिठासारखा झाला. मग साचा जुळला. एक मोठा कप. त्यात एक अंडं, दोन चमचे हे पीठ, चमचाभर दही, चमचाभर वितळलेलं बटर, चिमूटभर बेकिंग पावडर आणि मीठ. काट्याने खळखळ फेटायचं आणि कप मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा. गॅसवर चहाचं आधण. आधणाला बुडबुडे येईस्तोवर कपातलं मिश्रण फुगून वर यायचं. ते उपडं करायचं, आडवं कापायचं, की दोन गोल चकत्या. त्या तव्यावर भाजायच्या, वर चीज, हिरवी मिरची, मिरपूड, आणि चीज पाघळेपर्यंत झाकण. चहा उतू जायच्या आत टोस्ट बशीत.

नरहरींनी चकती हातात घेतली. लोंबली नाही. चावली. कुरकुर वाजली. त्यांनी बराच वेळ चावून गिळली आणि सगळे आपल्याकडे बघताहेत हे जाणून जरा जास्तच वेळ लावला.

"कोंबड्यांना विचारा," ते म्हणाले. "त्यांचा घास काढून मला घातलाय. त्यांची हरकत नसेल तर माझी नाही."

गॉडफ्रेंचा हात मात्र दुसऱ्या चकतीकडे गेला होता. "नरू, तुला नको असेल तर सांग, लाजू नको."

नरहरींनी बशी आपल्याकडे ओढून घेतली. अक्षदाला तेवढं उत्तर पुरलं.

घरात नवी शिस्त आली. भात मुठीवर आला. केळीचे घड बाजारात जाऊ लागले आणि नरहरी त्यांच्याकडे, मुलीची पाठवणी करावी तसे पाहू लागले. आणि सकाळ-संध्याकाळ, न चुकता, बिनसाखरेच्या चहात बटर. खरं तर नरहरींना बटर कधीच आवडला नव्हता. तो तोंडात लगद्यासारखा व्हायचा आणि त्याबरोबर लहानपणचा ताप आठवायचा. पण नातीने सांगितलं होतं, आणि खोबऱ्याची फांदी त्यांची वाट पाहत होती. ते तो औषधासारखा खायचे, डोळे मिटून. जयवंतीबाई डबा रिकामा होऊ द्यायच्या नाहीत.

अक्षदाही वरचेवर चौकशी करायची. एकदा स्कूटी काढता काढता तिने विचारलं, "आजोबा, बटर खाताय ना?"

"खातो गं बाई. सकाळी दोन, संध्याकाळी दोन."

दोन म्हणजे चमचे, असं तिने धरलं. "छान. कशाबरोबर?"

"चहात टाकून."

अक्षदाने स्कूटी परत उभी केली. "चहात? आजोबा, तुम्ही तर कमाल आहात! आमच्या कंपनीत जिमवाले लोक कॉफीत बटर टाकून पितात. मोठी फॅशन आहे ती. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आमच्या आईने," नरहरी म्हणाले, आणि दिवसभर जरा छाती काढून चालले. संध्याकाळी गॉडफ्रेंना त्यांनी ऐकवलं, "शहरातली शिकलेली माणसं आता चहा-बटरवर आलीयत. आपण किती पुढे होतो बघ."

वैशाख संपत आला. खोबऱ्याच्या फांदीवर मोजके आंबे धरले होते. ते उतरवून नरहरींनी कोयी राखेत घोळून ठेवल्या. मग अक्षदा त्यांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. नरहरींनी धुतलेला सदरा घातला होता. ऑपरेशनची तारीखच मिळणार, अशा तयारीने ते गेले होते.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला, मग नरहरींकडे पाहिलं.

"आजोबा, साखर वाढलीय."

 घरी आल्यावर अक्षदा समोर खुर्ची ओढून बसली. कारखान्यात एक पद्धत होती. काही बिघडलं की 'का' विचारायचं, आणि मिळालेल्या उत्तरावर पुन्हा 'का' विचारायचं. असं खणत गेलं की मूळ सापडतंच.

"साखर का वाढली?"

"खाल्लं म्हणून असेल."

"का खाल्लं?"

"भूक लागली म्हणून."

"भूक का लागली?"

"तू भात काढून घेतलास म्हणून."

"मी भात का काढला?"

"साखर वाढली म्हणून," नरहरी म्हणाले. "झालं. आलो परत दारात. तुझी झाकणं अशीच गोल गोल फिरतात का?"

एरवी ती हसली असती. आज तिने खुर्ची आणखी पुढे ओढली. "आजोबा, चोरून काही खाता का? खरं सांगा. मी रागावणार नाही."

नरहरींना हे लागलं. आयुष्यात त्यांनी पत्त्यांत पानं लपवली असतील, पण या महिन्यांत केळ्याचं सालसुद्धा तोंडाला लावलं नव्हतं. ते उठले आणि वाडीत गेले. विहिरीच्या काठावर हात टेकून त्यांनी वाकलेली फांदी चाचपली. शेंड्यावर डोळे फुगले होते, बोटाला गोल गोल लागत होते. पंधरवड्याभरात पाऊस येईल, कोयी जमिनीत जातील, आणि आपण पुन्हा बोटभर वर पट्टी बांधू. दोष कुणाचा, यावर त्यांनी खूप विचार केला. भात मुठीवर, साखर शून्य, केळी बाजारात. बटर तर आईच्या वेळचा; नवीन म्हणावं असं एकच पोटात जात होतं.

परत येऊन ते म्हणाले, "अक्षू, तो तुझा चोथ्याचा टोस्ट बंद कर."

"का?"

"आता तू 'का' विचारू नकोस. कोंबड्यांचं खाणं माणसाला मानवलं नाही. बटरवर राहीन मी. तेवढंच सोसतं मला."

अक्षदाचा चेहरा उतरला. गणित तिने दहादा तपासलं होतं. चोथ्यात साखर नव्हती, अंड्यात नव्हती, चीजमध्ये नव्हती. तरी झाकण वाकडं निघालं होतं, आणि साचा तिचा होता. "ठीक आहे," ती म्हणाली. "गॉडफ्रेअंकल आलेत, आजचा शेवटचा करते."

गॉडफ्रे ओटीवर पत्ते पिसत होते. घरात काय झालंय ते त्यांना जयवंतीबाईंनी खुणेने सांगितलं होतं. अक्षदा आत गेली. नुकतंच काढलेलं चोथ्याचं पीठ ती दोन्ही हातांनी चाळत होती, हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. एरवी ती फ्रिज स्वतः उघडायची. आज तिथूनच तिने हाक मारली.

"आजी, जरा बटर दे गं."

जयवंतीबाई उठल्या. फ्रिजकडे गेल्या नाहीत. फळीवरचा डबा काढला, झाकण उघडलं, आणि त्यातून एक गोल, तपकिरी, कडक वस्तू काढून नातीच्या पांढऱ्या तळहातावर ठेवली.

अक्षदा त्या वस्तूकडे पाहत राहिली.

"हे काय आहे?"

"बटर."

"बटर फ्रिजमध्ये असतं."

"फ्रिजमध्ये कशाला? मऊ पडेल. फ्रिजमध्ये मस्का आहे."

अक्षदाने ती वस्तू ओट्यावर आपटली. टक्क आवाज झाला. मग ती हात न पुसताच ओटीवर आली.

"आजोबा. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. हे?"

नरहरींनी मान पुढे करून पाहिलं. एवढ्या जवळून त्यांनाही ओळखू आलं. "हो. तूच म्हणालीस. बटर चालेल, जरा जास्तच खा."

"हे मैद्याचं आहे!"

"मग बटर काय सोन्याचा असतो?"

"मी मस्का म्हणत होते! तुमचा मस्का म्हणजे आमचं बटर!"

 मग गॉडफ्रेंच्या हातातले पत्ते गळाले. ते हसायला लागले ते आधी आवाज न करता, मग खांबाला धरून. "नरू, साखर उतरवायला मैदा! आणि वर मला सांगतो, आपण शहराच्या पुढे होतो!" गेटबाहेरून जाणारी माणसं थांबून आत डोकावू लागली. जयवंतीबाईंनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते. "तरी म्हटलं, शास्त्र एवढं पुढे कसं गेलं."

अक्षदाला हसावं की रडावं कळेना. नरहरी मात्र हसले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू भलताच राग जमा होत होता.

"म्हणजे," ते म्हणाले, "मी तो लगदा खाल्ला नसता तरी चाललं असतं?"

"खाल्ला नसता तरच चाललं असतं, आजोबा."

"मला आवडतसुद्धा नाही गं तो!" नरहरी जवळजवळ ओरडले. "इतके दिवस नाक दाबून खाल्ला मी. तुझ्यासाठी!"

आता मात्र अक्षदा खाली बसून पोट धरून हसली, आणि हसता हसता डोळे पुसताना चोथ्याचं पीठ कपाळभर झालं. डब्यातले बटर त्याच संध्याकाळी कोंबड्यांना गेले. चोथा नरहरींना आणि बटर कोंबड्यांना, अशी अदलाबदल त्या दिवशी कायमची ठरली. कोंबड्यांचीही काही तक्रार दिसली नाही.

साखर उतरली. एका दिवसात नाही. गोळ्या, मूठभर भात, सकाळचं चालणं आणि चोथ्याचा टोस्ट, सगळ्यांनी मिळून ती हळूहळू खाली ओढली. तोवर पाऊस लागला होता आणि कोयी मातीच्या पिशव्यांमध्ये गेल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि या वेळी नरहरींकडे न पाहता थेट तारीख दिली.

डोळ्यावरची पट्टी निघाली, काळा चष्मा आला. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी तोही काढायला सांगितलं. त्या संध्याकाळी अक्षदाने मुद्दाम आजोबांच्या पुढ्यात बशी ठेवली. नरहरींनी चीज-टोस्ट उचलला, नव्या डोळ्याने सगळ्या बाजूंनी नीट पाहिला. कडा करपलेल्या, मधे चोथ्याचे तपकिरी ठिपके, चीज एका अंगाला कललेलं.

"असा दिसतो होय हा," ते म्हणाले. "बरं झालं, आधी दिसत नव्हता."

"ठेवा मग."

"ठेवा काय? दिसण्याचं एवढं नसतं. तुझ्या आजीला विचार, ती काय बघून माझ्याबरोबर आली." आणि त्यांनी अर्धा टोस्ट एका घासात संपवला. डाव सुरू झाल्यावर गॉडफ्रेंच्या मांडीखाली दडवलेला एक्काही त्यांना दिसला. तो कधीपासून तिथे बसायचा, हे विचारल्यावर गॉडफ्रेंना अचानक घरी काम आठवलं.

मातीत हात घालायला डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली तोवर रोपांनी तांबूस पानं धरली होती, आणखी थोडा उशीर झाला असता तर ती हिरवी होऊन गेली असती. एका उघडीप पडलेल्या सकाळी अक्षदाने शिडीवरून विहिरीवरच्या फांदीच्या काड्या तोडून दिल्या. नरहरी ओटीवर पाट टाकून बसले. काडीला पाचरीसारखा छेद, रोपाला मधोमध चीर, पाचर चिरेत, साल सालीला लागून. नात बाजूला बसून चाकूकडे बघत होती आणि मधेच विचारत होती, का. तेवढ्या वेळा नरहरींनी तिला उत्तर दिलं. शेवटची दोन त्यांनी तिलाच बांधू दिली. एक जरा तिरकं झालं.

"वाकडं झाकण," नरहरी म्हणाले. "पण धरेल. खोबऱ्याला वाकडेपणाची सवय आहे."

कलमं ओळीने ओटीच्या कडेला लागली. जयवंतीबाई चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी पेला खाली ठेवला, पहिली पिशवी उचलली आणि गेल्या वर्षीसारखीच उजेडात धरली. नरहरींनी चाकू खाली ठेवला.

पट्टी घट्ट होती, आणि सांध्यावर होती.

"अहो," जयवंतीबाई म्हणाल्या, "हे बघा."

"बघतोय," नरहरी म्हणाले. आणि खरंच, बराच वेळ ते बघत राहिले. मग चहाच्या पेल्याकडे त्यांचं लक्ष गेलं. "नुसता चहा? बरोबर काही?"

"बटर देऊ?" जयवंतीबाईंनी विचारलं.